अकरा नंबरचा गडी

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहराच्या न्यूलँड्स मैदानावर १८ जून १९९५ रोजी रग्बीच्या विश्वचषक स्पर्धेतील उपान्त्य सामना सुरू झाला. एका बाजूला इंग्लंड, दुसऱ्या बाजूला न्यूझीलंड. पहिली काही मिनिटे सरतात न सरतात तोच चेंडू मैदानाच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या एका वीस वर्षांच्या न्यूझीलंडी खेळाडूकडे आला. फेक चांगली नव्हती. चेंडू त्याच्या मागे पडला आणि त्याला वळून तो उचलावा लागला. समोर होता इंग्लंडचा टोनी अंडरवूड, उंचीने त्याच्याहून जवळजवळ वीतभर कमी. त्याला त्याने बाहेरच्या अंगाने मागे टाकले. इंग्लंडचा कर्णधार विल कार्लिंग याने मागून त्याच्या पायांना हात घातला. खेळाडू अडखळला, पुढे झुकला, आता कोसळणार असे सर्वांना वाटले. पण तो कोसळला नाही. त्याच तोल गेलेल्या अवस्थेत तो शेवटच्या बचावपटूवर, माइक कॅटवर, जाऊन आदळला, त्याला अक्षरशः तुडवून पलीकडे गेला आणि रेषेपार चेंडू टेकवून पालथा पडला.

त्या दिवशी त्याने चेंडू असा चार वेळा रेषेपार नेला. न्यूझीलंडने ४५–२९ असा विजय मिळविला आणि जोनाह लोमू हे नाव, ज्यांनी रग्बीचा चेंडूही कधी पाहिला नव्हता अशा देशांतील घराघरांत पोहोचले. पुढे याच वर्षाच्या अखेरीस डॉक्टरांनी या तरुणाला तपासून सांगितले की, त्याची दोन्ही मूत्रपिंडे आजारी आहेत.

वाचकहो, या खेळाडूची कारकीर्द आपल्यापुढे ठेवण्याचे कारण हेच आहे. ज्याला जगाने बळाचे मूर्तिमंत रूप मानले, त्याच्या खेळाचा फार मोठा भाग आजारी देहाने खेळला गेला. त्याची दृश्ये पाहणाऱ्याला हे खरे वाटत नाही, आणि ज्यांना हे ठाऊक असते त्यांना ती दृश्ये पुन्हा निराळ्या नजरेने पाहावी लागतात.

रग्बीची आपल्याला फारशी ओळख नाही. तथापि हा खेळ भारताला अगदीच परका आहे असेही नाही. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात तेथील इंग्रज व स्कॉट मंडळींनी एक सामना खेळला आणि पुढच्याच वर्षी तेथे एक क्लब निघाला. पाच वर्षांत त्याचा उत्साह ओसरला, तेव्हा सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपाने काढली, २७० रुपये वितळवून त्यांचा एक सुबक चषक घडविला आणि तो १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. त्या चषकाचे कान नागाच्या आकाराचे आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सामन्यातील विजेत्याला मिळणारा 'कलकत्ता चषक' तो हाच. रुपयांची नाणी वितळवून केलेल्या वस्तूसाठी इंग्रज आणि स्कॉट दरवर्षी चिखलात लोळतात, ही गोष्ट आपल्याला थोडी सुखावून जाते, हे कबूल करायला हरकत नाही.

आता खेळाविषयी दोन शब्द. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा असतो. चेंडू लांबोळा, तो हातात घेऊन धावता येते, परंतु सहकाऱ्याकडे हाताने फेकायचा तर तो बाजूला किंवा मागेच फेकावा लागतो, पुढे नाही. म्हणजे पुढे सरकायचे असेल तर लाथ मारावी, नाहीतर स्वतः घुसावे. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिपक्षाने मिठी घालून खाली पाडायचे. आपण कबड्डीतील पकड डोळ्यांपुढे आणावी. फरक इतकाच की येथे चढाई करणारा पूर्ण वेगात असतो, अंतर मोठे असते आणि अंगावर चिलखत वगैरे काही नसते. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला म्हणजे 'ट्राय' होतो आणि त्याचे पाच गुण मिळतात. या 'ट्राय'चे भाषांतर 'प्रयत्न' असे करण्याचा मोह अनुवादकाला होतो; पण जो यशस्वी झाला त्याला प्रयत्न कसे म्हणावे? खुलासा असा की, आरंभीच्या काळात चेंडू टेकवण्याला स्वतःचे असे गुणच नव्हते. त्यामुळे फक्त गोलाच्या दिशेने लाथ मारून पाहण्याचा हक्क मिळे. नाव तेव्हाचे राहिले, अर्थ बदलला. म्हणून येथे आपण 'ट्राय' हाच शब्द ठेवू.

संघात कामांची वाटणी असते. मध्यभागी एकमेकांना भिडून रेटारेटी करणारे आठ जण धिप्पाड असतात. दोन्ही कडांना उभे राहणारे दोन जण, ज्यांना 'विंग' म्हणतात, ते चपळ आणि बहुधा अंगाने हलके असतात. डाव्या विंगच्या पाठीवर ११ हा आकडा असतो. लोमूचे नवल येथे होते. तो सहा फूट पाच इंच उंच होता, वजन सुमारे १२० किलो, म्हणजे रेटारेटी करणाऱ्या आठांमध्येही तो उठून दिसला असता. आणि शंभर मीटर अंतर तो अकरा सेकंदांच्या आत धावे. असा गडी कडेला उभा करावा आणि त्याच्याकडे चेंडू द्यावा, ही कल्पना आज सोपी वाटते. त्या वेळी तिला उत्तर नव्हते. प्रतिपक्षाचा विंग त्याला पकडण्याइतका वजनदार नसे आणि वजनदार गडी त्याच्याइतका वेगवान नसे.

जोनाह ताली लोमू याचा जन्म १२ मे १९७५ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात झाला. आईवडील प्रशांत महासागरातील टोंगा बेटांवरचे. त्याची बालपणाची काही वर्षे टोंगात नातलगांकडे गेली. नंतर तो दक्षिण ऑकलंडच्या मांगेरे भागात परत आला. ती वस्ती गरीब आणि टोळीयुद्धांनी ग्रासलेली होती. त्याच्या एका नात्यातल्या माणसाचा तेथे खून झाला. घरात वडिलांचा मार होता. याविषयी लोमूने पुढे जाहीरपणे सांगितले आहे. मुलगा हातचा जाईल या भीतीने आईने त्याला वेस्ली कॉलेज या वसतिगृहाच्या शाळेत घातले. तेथील शिस्तीने त्याला सावरले आणि तेथेच रग्बीने त्याला उचलले. शाळेत तो विंग नव्हता. मध्यभागातील रेटारेटी करणाऱ्यांतच खेळत असे. कडेची जागा त्याला नंतर मिळाली.

न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ संपूर्ण काळा वेष करतो, म्हणून त्याला 'ऑल ब्लॅक्स' म्हणतात. चाळीस लाखांहूनही कमी वस्तीच्या त्या देशात तेव्हा ही काळी जर्सी मिळणे म्हणजे काय, हे मुंबईच्या मैदानांवर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना समजावून सांगायला नको. लोमूला ती २६ जून १९९४ रोजी फ्रान्सविरुद्ध मिळाली. त्या दिवशी त्याचे वय १९ वर्षे ४५ दिवस होते. इतक्या लहान वयात न्यूझीलंडकडून कसोटी सामना कोणी खेळला नव्हता. पण हे पदार्पण काही यशस्वी झाले नाही. फ्रान्सने दोन्ही कसोट्या जिंकल्या, नव्या जागेवर लोमू गोंधळला आणि संघाबाहेर गेला. पुढल्या वर्षी विश्वचषकापूर्वीच्या सराव शिबिरांत तो धावण्याच्या चाचण्यांत मागे पडत असे, लवकर थकत असे. त्याची निवड होते की नाही, अशी शंका होती. त्या थकव्याचा अर्थ तेव्हा आळस असा लावला गेला. पुढे जे कळले ते ध्यानात घेता, तो निव्वळ आळस होता काय, अशी शंका आज मनात आल्यावाचून राहत नाही.

विश्वचषकात त्याने एकूण सात ट्राय केले. मात्र २४ जून रोजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्क मैदानावरील अंतिम सामन्यात त्याला एकही करता आला नाही. नेल्सन मंडेला दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराचीच जर्सी घालून उपस्थित होते तो हा सामना. यजमानांनी लोमूला मोकळी जागाच दिली नाही. एकदा तो सुटला, तेव्हा योस्ट फान डर वेस्टहाइझेन या त्याच्याहून कितीतरी किरकोळ अंगाच्या खेळाडूने त्याला सरळ समोरून पकडून खाली आणले. सामना जादा वेळेत १५–१२ असा दक्षिण आफ्रिकेने जिंकला. लोमू पुढे अनेकदा दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळला, पण त्या देशाविरुद्ध कसोटीत त्याला एकही ट्राय कधीच करता आला नाही. आणि त्या दिवशी त्याला पाडणारा फान डर वेस्टहाइझेन पुढे मज्जातंतूंच्या असाध्य विकाराने जर्जर होऊन २०१७ साली वारला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रग्बीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळाडूंना मोबदला घेण्याची मोकळीक दिली. शंभर वर्षे हौशी म्हणवणारा खेळ व्यावसायिक झाला. दूरचित्रवाणीच्या कंपन्यांना जो चेहरा हवा होता तो केप टाउनने त्यांच्यापुढे नुकताच उभा केला होता. या बदलाची आर्थिक कारणे अनेक होती. त्यांत शिरण्याचे प्रयोजन नाही.

आता त्या आजाराविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण तो आपल्या घरांतही आढळतो. माणसाची दोन मूत्रपिंडे मुठीएवढी असतात. प्रत्येकाचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम. प्रत्येकात जवळजवळ दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यापैकी दीड-दोन लिटर वगळता सारा रक्तात परत घेतला जातो. रक्तातील प्रथिने या गाळण्यांनी अडवून धरायची असतात. 'नेफ्रोटिक सिंड्रोम' या विकारात गाळण्या जणू सैल होतात आणि प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. रक्तातील प्रथिने घटली की पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते. सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पावलांवर सूज दिसते, लघवीला फेस येतो, थकवा जाणवतो, जंतूंचा संसर्ग लवकर होतो. लहान मुलांतही हा विकार होतो आणि त्यांपैकी बहुतेकांना औषधांनी चांगला गुण येतो. मोठ्यांमध्ये मात्र त्याची कारणे नाना प्रकारची असतात आणि काहींची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत जातात. लघवीची साधी तपासणी हा दोष दाखवून देते. ती स्वस्त असते आणि कोठेही होते. तरी पायाला सूज आली की 'उभे राहून आली असेल' असे म्हणून आपण ती टाळतो.

लोमूची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होणाऱ्यांपैकी होती. उपचारांमुळे १९९७ सालाचा बराच काळ तो मैदानाबाहेर राहिला. येथेच त्याची कारकीर्द संपली असती तर कोणी नवल केले नसते. परंतु तो परतला. १९९८ साली क्वालालंपूर येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत सात-सात खेळाडूंच्या रग्बीचे सुवर्णपदक न्यूझीलंडने जिंकले, त्या संघात तो होता. १९९९ च्या विश्वचषकात त्याने आठ ट्राय केले, म्हणजे चार वर्षांपूर्वीपेक्षा एक अधिकच. उपान्त्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध दोन त्याचे होते. तरीही न्यूझीलंड आघाडी गमावून ४३–३१ असे हरले. दोन स्पर्धांतील त्याच्या अकरा सामन्यांत मिळून पंधरा ट्राय झाले. हा विक्रम तोडणे पुढे कोणाला साधले नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने २०१५ साली, आपल्या तिसऱ्या विश्वचषकात, त्याची बरोबरी केली.

मला स्वतःला केप टाउनच्या त्या चार ट्रायांहून सिडनीचा एक ट्राय मोठा वाटतो. १५ जुलै २००० रोजी तेथील ऑलिंपिक मैदानावर १,०९,८७४ प्रेक्षकांसमोर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना झाला. न्यूझीलंडने पहिल्या काही मिनिटांतच २४ गुण मिळविले, ऑस्ट्रेलियाने मध्यंतरापर्यंत बरोबरी केली आणि अखेरच्या क्षणांत ती ३५–३४ अशी पुढे होती. तेव्हा डाव्या कडेला चेंडू लोमूकडे आला. येथे त्याने कोणाला तुडविले नाही. मैदानाची पांढरी कडा त्याच्या पावलापासून बोटभर अंतरावर असताना, १२० किलोंचा तो देह तोल सांभाळत, जणू दोरीवरून चालावा तसा रेषेपार गेला. न्यूझीलंड ३९–३५ असे जिंकले. अनेक जाणकार हा आजवरचा सर्वोत्तम सामना मानतात. केप टाउनला जे दिसले ते बळ होते. येथे पाहणाऱ्याला कळते की हा मनुष्य खेळाडू म्हणून किती वरच्या दर्जाचा होता. आणि तोपर्यंत निदान होऊन साडेचार वर्षे लोटली होती.

अखेरची कसोटी तो २३ नोव्हेंबर २००२ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध खेळला. एकंदर ६३ कसोट्या, ३७ ट्राय. वय सत्तावीस.

२००३ च्या मे महिन्यात जाहीर झाले की त्याला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, म्हणजे यंत्राद्वारे रक्तशुद्धी, करून घ्यावी लागत आहे. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको: दर खेपेला सुमारे चार तास यंत्राशी जखडलेला हात, मोजून प्यायचे पाणी आणि दुसऱ्या दिवशीचा गळाठा. आजाराने त्याच्या पायांतील नसांवरही परिणाम केला. ज्या पायांना कोणी रोखू शकत नव्हते त्यांनी चालणेही अवघड होऊ लागले आणि पुढेमागे चाकांच्या खुर्चीत बसावे लागेल, अशी धास्ती निर्माण झाली.

मूत्रपिंड दिले ते नातलगाने नव्हे, मित्राने. वेलिंग्टनच्या आकाशवाणीवरील निवेदक ग्रँट केरेआमा याने आपले एक मूत्रपिंड देऊ केले आणि २८ जुलै २००४ रोजी ऑकलंड येथे शस्त्रक्रिया झाली. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर नीट जगू शकतो. उरलेले मूत्रपिंड काही प्रमाणात वाढून दोघांचे काम उचलते. तरीही, स्वतःला कसलाही आजार नसताना शस्त्रक्रियेच्या मेजावर झोपणे ही सामान्य गोष्ट नव्हे. चार ट्राय करणाऱ्याविषयी जगभर रकाने भरले गेले; या निवेदकाविषयी त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. आपल्या देशात वेल्लोर येथे १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण झाले. अवयवांच्या खरेदी-विक्रीला आळा घालण्यासाठी १९९४ साली कायदा झाला आणि त्यानुसार जवळच्या नातलगाव्यतिरिक्त अन्य कोणाला स्नेहापोटी अवयव द्यायचा असल्यास अधिकृत समितीची परवानगी घ्यावी लागते. हा निर्बंध कोणाला जाचक वाटेल. पण गरिबाचे मूत्रपिंड बाजारात जाऊ नये म्हणून तो आहे.

रोपणानंतर कोणीही विश्रांती घेतली असती. लोमू मैदानावर परतण्याची भाषा बोलू लागला. रोपण केलेले मूत्रपिंड बहुधा ओटीपोटात, कमरेच्या हाडाजवळ बसवतात. तेथे बरगड्यांचा आडोसा नसतो, आणि रग्बीत तर माणसे त्याच जागी येऊन आदळतात. शिवाय शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून घ्यावी लागणारी औषधे प्रतिकारशक्ती दुबळी करतात. हे सारे ठाऊक असून तो जून २००५ मध्ये ट्विकनहॅमच्या एका गौरव सामन्यात उतरला, ट्राय केला आणि खांदा दुखावून घेतला. त्या वर्षाच्या अखेरीपासून तो कार्डिफच्या क्लबकडून खेळला. तेथे त्याचा घोटा मोडला. मग मायदेशी नॉर्थ हार्बर संघात काही सामने. त्याला २००७ चा विश्वचषक खेळायचा होता, पण त्यासाठी लागणारा वरच्या दर्जाचा करार कोणी दिला नाही आणि त्याच वर्षी त्याने व्यावसायिक खेळातून निवृत्ती पत्करली. पुढे फ्रान्समधील एका दुय्यम श्रेणीच्या क्लबसाठी तो पुन्हा काही दिवस खेळला. या शेवटच्या वर्षांतील खेळ कोणी आठवणीने सांगत नाही. मित्राने दिलेले मूत्रपिंड घेऊन मैदानात उतरणे योग्य होते काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. माझ्या मनातही तो आहे. इतके मात्र खरे की, खेळाखेरीज दुसरे काही आपल्याला येत नाही असे मानणाऱ्या तिशीतल्या माणसाला हा प्रश्न दूरवर बसलेल्या आपल्याइतका सोपा नसतो.

केरेआमाचे मूत्रपिंड सात वर्षे चालले. २०११ साली विश्वचषक न्यूझीलंडमध्ये भरला, तेव्हा उद्घाटनाच्या सोहळ्यात लोमू होता. त्याच स्पर्धेच्या काळात त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. रोपण केलेला अवयव शरीराने नाकारला आणि पुन्हा यंत्र सुरू झाले. दोन लहान मुलगे होते. त्यांना एकवीस वर्षांचे झालेले पाहावे, इतकीच आपली इच्छा आहे, असे तो सांगत असे.

२०१५ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला. लोमू कुटुंबासह तेथे गेला, डायलिसिस सांभाळून समारंभांना हजर राहिला, मुलांच्या जर्सींवर सह्या केल्या. परतताना दुबईत थोडे थांबून तो ऑकलंडला आला आणि १८ नोव्हेंबर २०१५ रोजी, घरी पोहोचल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी, अकस्मात मरण पावला. वय चाळीस होते. मुलगे तेव्हा सहा आणि पाच वर्षांचे होते.

३० नोव्हेंबर रोजी ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानावर सार्वजनिक शोकसभा झाली. न्यूझीलंडचा संघ सामन्यापूर्वी माओरी लोकांचे 'हाका' हे आवेशपूर्ण नृत्य करतो. त्या दिवशी ते त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी शवपेटीसमोर केले. ज्या शाळेने त्याला वाढविले त्या वेस्ली कॉलेजची मुलेही आली होती.